चिनी नाण्यावरचे नाव कोणाचे?

मधोमध चौकोनी भोक असलेले चिनी नाणे हाती आले की त्यावरचे नाव बादशहाचे, असा समज होतो. प्रत्यक्षात ती नियानहाओ (राजवटीला दिलेली संज्ञा) असते. बादशहाचे खासगी नाव लिहिणे निषिद्ध असल्याने ते नाण्यावर येत नसे. छ्यानलोंग (१७३६ ते १७९५) ही अशीच संज्ञा. त्या बादशहाचे नाव होंगली. दुकानाच्या पाटीवरचे नाव मालकाचे असतेच असे नाही, आणि मालक बदलला तरी पाटी राहू शकते, तसेच हे.

छिंग राजघराण्याच्या काळातली ही नाणी बहुतेक ठोकून नव्हे, साच्यात ओतून केलेली. दर्शनी बाजूची चार अक्षरे गोल फिरून नव्हे, तर वर, खाली, उजवीकडे, डावीकडे अशी वाचायची. पहिली दोन (वरचे आणि खालचे) म्हणजे संज्ञा. उरलेली दोन बहुधा ‘थोंगपाओ’ (चलनी नाणे). मागे अरबीसारखी भासणारी उभी लिपी असते ती मांचू. छ्यानलोंगच्या बहुतेक नाण्यांवर तिच्यातले उजवीकडचे अक्षर टांकसाळ सांगते, आणि ओळख पटवण्यात खरी मदत तिथेच होते.

नेमके वर्ष मात्र या नाण्यांवर सहसा नसते. त्यातही छ्यानलोंगची संज्ञा फसवी आहे: शिंच्यांगमध्ये त्या नावाची नाणी एकोणिसाव्या शतकातही ओतली जात. शिवाय ही नाणी अफाट संख्येने निघाली, त्यामुळे जुने असूनही साधे छ्यानलोंग नाणे बहुधा स्वस्तच मिळते.