कुलमुखत्यार सर्व्हर

ऑफिसच्या पोर्टलवर रजेचा अर्ज भरताना आपण पासवर्ड एकदाच देतो. पण शिल्लक रजेचा आकडा ज्या डेटाबेसमधून येतो, त्याच्याशी आपली गाठ कधीच पडत नाही. तिथे आपल्या वतीने वेब सर्व्हर जातो. मग डेटाबेसने ओळख कोणाची धरायची, सर्व्हरची की आपली?

सोपी आणि सर्रास दिसणारी वाट म्हणजे सर्व्हरला एक दांडगं खातं देऊन टाकायचं आणि कोणाला काय दाखवायचं ते त्याच्यावरच सोपवायचं. डेटाबेसच्या नोंदींत मग प्रत्येक कामापुढे एकच नाव उमटतं, सर्व्हरचं. पगाराची फाइल कोणी उघडली, हे तिथून कळायला मार्ग नाही.

यातला खरा धोका मात्र वेगळाच आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ साली टाइमशेअर या कंपनीतला एक किस्सा लिहून ठेवला आहे. तिथल्या फोरट्रान कंपायलरला वापराची आकडेवारी नोंदवण्यासाठी एका राखीव डिरेक्टरीत लिहायची मुभा होती. ग्राहकांच्या बिलांची फाइलही तिथेच होती. कंपायलर चालवताना दोष-तपासणीची माहिती कुठल्या फाइलमध्ये हवी, ते वापरकर्त्याने सांगायचं असे. एकाने नेमकं बिलांच्या फाइलचं नाव दिलं. त्याला स्वतःला ती फाइल लिहिता येत नव्हती, पण कंपायलरला येत होती. बिलं पुसली गेली. कंपायलरने सांगितलं तेच केलं होतं. फक्त हा हुकूम कोणाच्या अधिकारात पाळतोय, हे त्याला कळायची सोयच नव्हती. हार्डींनी या दोषाला ‘कन्फ्यूज्ड डेप्युटी’ असं नाव दिलं आणि सुरक्षेच्या अभ्यासात ते रुळलं.

कर्मचाऱ्यांची खाती, गट आणि अधिकार सांभाळणाऱ्या डिरेक्टरी सेवांना हा प्रश्न रोजच पडतो. त्यांच्याशी बोलायची प्रचलित भाषा म्हणजे एलडॅप. तिच्यासाठी २००६ साली एक छोटं मानक आलं. प्रोग्रॅमने स्वतःच्या नावाने लॉगिन करायचं आणि प्रत्येक विनंतीला ‘हे काम अमक्याच्या वतीने’ अशी चिठ्ठी जोडायची. प्रोग्रॅमला त्या व्यक्तीच्या वतीने बोलायची परवानगी आहे का, हे सर्व्हर आधी पाहतो. नसेल तर १२३ क्रमांकाची त्रुटी परत येते. असेल तर पुढचं काम त्या व्यक्तीच्याच अधिकारात होतं. प्रोग्रॅमचे अधिकार बाजूला राहतात.

या मानकातली मला सर्वांत आवडलेली अट अगदी बारीक आहे: चिठ्ठीवर ‘अनिवार्य’ अशी खूण हवीच. का? समजा, सर्व्हर जुना आहे आणि त्याला ही चिठ्ठी वाचताच येत नाही. खूण नसेल तर तो तिच्याकडे काणाडोळा करेल आणि विनंती प्रोग्रॅमच्याच अधिकारात उरकून टाकेल. खूण असली की त्याला साफ नकार द्यावा लागतो.

विंडोजची डिरेक्टरी सेवा असलेल्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीने वाट धरली ती एमआयटीत जन्मलेल्या कर्बेरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीची. त्यात पासवर्ड नेटवर्कवरून फिरत नाही, मुदतीची तिकिटं फिरतात. विंडोज २००० मध्ये एखाद्या सर्व्हरवर ‘प्रतिनिधी म्हणून विश्वास’ टाकला की वापरकर्त्याचं मूळ तिकीटच त्याच्या हाती पडत असे, म्हणजे थेट कुलमुखत्यारपत्र! रजेचा आकडा आणायला नेमलेला सर्व्हर त्या तिकिटावर ईमेलपर्यंतही पोचू शके. असा सर्व्हर फोडणाऱ्या हल्लेखोराला तिथे आलेल्यांची तिकिटं मेमरीत आयती मिळत. पुढे तर प्रिंटर सेवेतल्या एका वैध विनंतीचा वापर करून खुद्द डोमेन कंट्रोलरलाच, म्हणजे सगळ्यांची खाती सांभाळणाऱ्या मुख्य सर्व्हरलाच, अशा सर्व्हरकडे लॉगिन करायला लावता येतं, असं २०१८ मध्ये दाखवून देण्यात आलं. कंट्रोलरचं तिकीट हाती लागलं की सगळं डोमेनच हाती आलं.

विंडोज सर्व्हर २००३ मध्ये मुखत्यारीला हद्द आली: हा सर्व्हर फक्त अमुक सेवांपाशीच दुसऱ्याच्या वतीने जाऊ शकेल, अशी यादी त्याच्या खात्यावर लिहिली जाऊ लागली. त्याच वेळी आणखी एक सोय आली, आणि ती ऐकून अनेकजण दचकतात. वापरकर्ता दुसऱ्या एखाद्या पद्धतीने लॉगिन होऊन आला असेल, तर सर्व्हर त्याच्या पासवर्डाशिवायही त्याच्या नावाचं तिकीट मागू शकतो. त्या माणसाची ओळख पटली आहे, हे सर्व्हरच्या शब्दावर मानलं जातं.

ही यादी डोमेनचा प्रशासक भरत असे. ज्याच्या दारात मुखत्यार येणार, त्या डेटाबेसच्या मालकाला कोणी विचारत नव्हतं. २०१२ च्या आवृत्तीने ते उलटवलं. आता डेटाबेसच्या खात्यावरच लिहिता येतं की दुसऱ्यांच्या वतीने आलेल्या कोणकोणत्या सर्व्हरांना आत घ्यायचं. मला ही मांडणी जास्त न्याय्य वाटते, पण तिलाही एक फट आहे. ही नोंद डिरेक्टरीतलीच एक साधी नोंद असते. त्या खात्यावर लिहायचा अधिकार चुकून एखाद्या मोठ्या गटाला दिलेला राहिला, तर त्यातला कोणीही आपल्या ताब्यातल्या संगणकाला मुखत्यार नेमू शकतो आणि प्रशासकाच्या नावाने डेटाबेसमध्ये शिरू शकतो. प्रशासकांच्या खात्यांवर ‘यांच्या वतीने कोणीही जाऊ नये’ अशी खूण करायची सोय आहे. ती केलेली असेल, तर ही वाट तिथेच बंद होते.