न शिवता ओढणारी शक्ती

थंडीचे दिवस होते. रात्रीच्या वर्गात मी प्लॅस्टिकची फणी कोरड्या केसांवर दहा-बारा वेळा घासली आणि कागदाच्या बारीक कपट्यांजवळ नेली. कपटे उडून फणीला चिकटले. मागे बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, फणी तर कागदाला शिवलीसुद्धा नाही. मग कपटा उडाला कसा? ही काय करणी म्हणायची?"

करणी नव्हे, हा विजेचा गुण आहे. तुम्हीही घरी करून बघा. केसांना तेल मात्र नको.

घासल्यामुळे फणीवर विजेचा साठा होतो. त्याला विद्युतभार म्हणतात. भाराच्या जाती दोन, धन आणि ऋण. एका जातीचे भार एकमेकांना लोटतात, वेगळ्या जातीचे ओढतात. भाराभोवती जिथवर हा जोर चालतो, त्या जागेला विद्युतक्षेत्र म्हणतात. शेकोटीची ऊब चोहोंकडे पसरते, जवळ जास्त आणि लांब कमी. तसेच हे. ही कल्पना मांडली इंग्लंडच्या मायकेल फॅरडेने. तो लोहाराचा मुलगा. शाळा थोडीच झाली. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून तो शिकला.

आता लांब गेल्यावर जोर किती कमी होतो? फ्रान्सच्या कूलोम या शास्त्रज्ञाने १७८५ साली हे मोजून दाखवले. अंतर दुप्पट केले, तर जोर निम्मा नव्हे, चौथाई होतो. तिप्पट केले, तर नववा हिस्सा उरतो.

हिशेब अवघड नाही. भार ठिपक्याएवढ्या जागेत आहे असे धरा. भाराचे माप मायक्रोकूलोम. त्याला ९००० ने गुणा. मग अंतराचे मीटर घ्या, त्यांना त्यांनीच गुणा, आणि त्या आकड्याने भागा. १ मायक्रोकूलोम भार असेल, तर

१ मीटरवर क्षेत्र ९०००,
२ मीटरवर ९००० भागिले ४, म्हणजे २२५०,
३ मीटरवर ९००० भागिले ९, म्हणजे १०००.

या उत्तराचे माप 'न्यूटन दर कूलोम' असे लिहितात.

भार दोन असले तर? दोघांचे क्षेत्र वेगवेगळे काढा आणि दिशा पाहा. समजा, ४ आणि १ मायक्रोकूलोमचे दोन धन भार ३ मीटर अंतरावर आहेत. मोठ्यापासून २ मीटरवर मोठ्याचे क्षेत्र ३६००० भागिले ४, म्हणजे ९०००. तिथून धाकटा १ मीटरवर, त्याचेही ९०००. एक इकडून लोटतो, दुसरा तिकडून. दोघे बरोबरीत सुटले! त्या जागी क्षेत्र शून्य.

हे समजून काय करायचे? वळवाच्या ढगाकडे बघा. त्याच्या खालच्या अंगाला बहुधा ऋण भार साठतो. ढग ठिपक्याएवढा नसतो, म्हणून त्याचा हिशेब इतका सोपा नाही. पण त्याचे क्षेत्रही न शिवता जमिनीपर्यंत पोचते, आणि उंच, टोकदार वस्तूच्या शेंड्याशी फार दाटते. म्हणून गडगडाट ऐकू आला की शेतातल्या झाडाखाली थांबू नका. लगेच पक्क्या घरात जा. अंगावरचे केस उभे राहू लागले, तर धोका अगदी जवळ आला असे समजा. फणीने कपटा उडवणारी शक्तीच तिथे काम करीत असते. फक्त ती फार मोठी असते.