पितळी डब्याचे अंतरंग

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात मृगापासून हस्तापर्यंत जी आर्द्रता मुक्काम ठोकून बसते, तिच्यामुळे आजीच्या पितळी डब्याच्या बाह्य झळाळीपेक्षा त्याच्या अंतरंगाची तपासणी अधिक अगत्याची ठरते. कारण कल्हई झिजून पितळ उघडे पडले, की चिंच-मिठासारखे पदार्थ त्यात हमखास कळकतात. मग पुन्हा कल्हई करताना तापलेल्या भांड्यात नवसागर टाकताच धातूवरील मळ सुटतो, आणि अवघ्या २३२ अंश सेल्सिअसला वितळणारे कथील कापसाच्या बोळ्याने चांदीसारखे पसरते. (नवसागराचा धूर मात्र दुरूनच पाहावा!) तळाची चीर कल्हईपूर्वीच डाग देऊन बुजवावी, आणि डागात शिसे नको, अशी कारागिरास आगाऊ ताकीद द्यावी. बाहेरून चिंच चोळल्यावर डबा तत्काळ कोरडा करावा.