अमळनेरचा शेअर आणि गल्ल्यावरचा संगणक

जळगाव आणि धुळे यांच्या दरम्यान, सुरत-भुसावळ लोहमार्गावरील अमळनेर येथे 1945 च्या डिसेंबरमध्ये मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी वनस्पती तुपाची कंपनी स्थापन केली. नाव लांबलचक होते : वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. खानदेशात भुईमूग मुबलक, म्हणून जागा योग्य. गावातील अनेक कुटुंबांनी तिचे शेअर घेतले ते तेलाचा धंदा समजत होता म्हणून. 1966 मध्ये वडिलांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांनी सूत्रे हाती घेतली. पुढे कंपनीचे नाव विप्रो झाले आणि आयबीएमने 1978 मध्ये भारत सोडल्यावर ती संगणकाकडे वळली. 1980 साली ज्याच्यापाशी 100 शेअर होते, त्याने नवा एकही न घेता, केवळ बोनस आणि विभाजन यांमुळे 2010 पर्यंत त्यांची संख्या 96 लाख झाली.

ही कथा खानदेशात सर्वांना ठाऊक आहे. तिच्या मध्यावरचा फेब्रुवारी 2000 मात्र सहसा सांगितला जात नाही. त्या महिन्यात विप्रोचे बाजारमूल्य वार्षिक नफ्याच्या शेकडो पट झाले होते. जळगावच्या दाणा बाजारात गाळा घेणारा व्यापारी प्रथम विचारतो, 'पैसे किती वर्षांत सुटतील?' हाच प्रश्न तेव्हा या शेअरला विचारला असता, तर उत्तर काही पिढ्यांचे आले असते. नफा झपाट्याने वाढणार, हा तरुणांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. नफा वाढलाच, तरीही दीड वर्षात भाव कोसळला. ज्यांनी शेअर धरून ठेवले त्यांचे आज कौतुक होते, पण त्यांतील कित्येकांच्या बाबतीत तो निर्णय नव्हताच. कागद तिजोरीत पडून होते, इतकेच.

परिग्रह-परिमाण व्रत घेतलेल्या श्रावकापुढे तर अशा वेळी वेगळाच पेच उभा राहतो. संपत्तीची मर्यादा रुपयांत ठरवलेली असेल आणि काहीही न करता भावानेच ती ओलांडली, तर वाढीव भाग धर्मकार्यात द्यायचा, की भाव उतरेपर्यंत थांबायचे? थांबणे सोयीचे, म्हणूनच संशयास्पद.

मायक्रोसॉफ्टचे उदाहरण याहून बोलके आहे. डिसेंबर 1999 चा उच्चांक ओलांडायला त्या शेअरला ऑक्टोबर 2016 उजाडले. दरम्यान कंपनीचा नफा वाढत गेला आणि जगभरच्या दुकानांत विंडोज चालू राहिली. माल खरा होता. भाव आधीच पुढच्या सतरा वर्षांचा लागला होता.

तो माल इतका का टिकला, याचे उत्तर धुळ्याच्या आग्रा रोडवरील कोणत्याही पेढीत मिळेल. टॅली विंडोजसाठी बनते. मुनीमजींची बोटे न पाहता विक्रीसाठी एफ-8 वर आणि खरेदीसाठी एफ-9 वर जातात. लिनक्स फुकट मिळते, उत्तम चालते आणि जुन्या यंत्रावरही हलकी वाटते. परंतु टॅली, डिजिटल सहीचे टोकन, बिलाचा प्रिंटर यांची घडी तिथे नव्याने बसवावी लागते. वही बदलण्याचा खर्च वहीच्या किमतीत नसतो, लिहिणाऱ्याच्या सवयीत असतो. मायक्रोसॉफ्टच्या मूल्यांकनाचा मोठा भाग याच सवयीवर उभा आहे.

हा वाद आता घरोघरी आला आहे, कारण 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नेहमीचे साहाय्य संपले आणि विंडोज 11 अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतपणे बसत नाही. मुलगा म्हणतो लिनक्स घ्या, वडील म्हणतात नवे यंत्र घ्या. दोघांचेही निम्मे खरे आहे. पत्रव्यवहार, ई-मेल आणि मालाच्या याद्या यांसाठीचा संगणक लिनक्सवर निर्धास्त न्यावा. हिशेबाचे यंत्र मात्र विंडोजवरच राहू द्यावे. आणि बदल करायचा तो विवरणपत्राच्या आठवड्यात नव्हे, तर मुनीमजींना शेजारी बसवून, मंदीच्या दिवसांत.