फायबर गंजत नाही, पण जपावे लागते

पनवेलजवळच्या तळोजे औद्योगिक वसाहतीत गेल्या शतकाच्या अखेरीस ओवेन्स कॉर्निंग या अमेरिकन कंपनीने काचेचा धागा काढणारा कारखाना उभारला. काचेचा कसला आलाय धागा, असे वाटेल. पण आपण ज्याला नुसते 'फायबर' म्हणतो, त्याच्या पोटात हाच धागा असतो.

सिलिका वाळू, चुनखडी, चिनी माती वगैरेंची बारीक पूड भट्टीत सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सिअसला वितळवतात. हा रस प्लॅटिनमच्या पात्राच्या शेकडो बारीक छिद्रांतून खाली येतो. तो वेगाने ओढला की केसापेक्षा बारीक, १० ते २० मायक्रॉन जाडीचे तंतू निघतात. लगेच त्यांना लेप देऊन रिळावर गुंडाळतात. पुढे तंतूंची चटई करून तिच्यावर रेझिन चढवले की कडक, हलके फायबर तयार होते.

खादी आयोगाच्या पद्धतीच्या गोबरगॅसची तरंगती टाकी लोखंडी असली तर शेणकाल्यात गंजते, वरचेवर रंगवावी लागते. फायबरच्या टाकीला ती कटकट नाही. फायबरची होडीही लाकडासारखी कुजत नाही. मात्र पाण्याची नेहमीची काळी टाकी म्हणजे फायबर नव्हे. ते साधे प्लॅस्टिक.

म्हणून काय, फायबरला काही होत नाही असे समजू नका. उन्हाने वरचा गुळगुळीत थर झिजला की धागे उघडे पडतात, पाणी आत मुरते. तडा दिसताच जागा कोरडी करून, घासून, चटई-रेझिनचा नवा थर द्यावा. घासताना तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. काम मोकळ्या हवेत करा, जवळ विडी-काडी नको. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये नीट ढवळून घ्या, हार्डनर शेवटी.

सरपंच, ग्रामसेवकांनीही एक ध्यानात घ्यावे. घट्ट झालेले फायबर पुन्हा वितळत नाही, त्यामुळे भंगारवाला ते सहसा घेत नाही. जाळले तर विषारी धूर होतो आणि काच मागे उरतेच. तेव्हा मोडक्या होड्या, पत्रे खाडीत टाकू देऊ नका, पेटवूही देऊ नका. त्यांची जागा वेगळी ठरवा. गंजत नाही ती वस्तू कुजतही नाही, हे खरेदीच्या दिवशीच लक्षात असू द्या.