सातवी-आठवीचे गणित आणि आपली शेती

शाळेत असताना क्षेत्रफळ, घनफळ, सरासरी हे धडे आपण सर्वांनी गिरविले. परीक्षा संपली आणि पाटीबरोबर तेही पुसले गेले. पण शेतकऱ्याचा रोजचा व्यवहार याच धड्यांवर चालतो. जमिनीची वाटणी, गुंठ्याने होणारी विक्री, खताचे पोते, औषधाचे माप, विहिरीत टाकायची पावडर, पिकाचा अंदाज, या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी गणित करीत असतो. ते आपण केले नाही तर दुसरा करतो, आणि त्याचा आकडा आपल्याला मान्य करावा लागतो. म्हणून या पानावर आज त्या धड्यांची उजळणी करू.

मापे प्रथम ध्यानात ठेवावी

आपल्या भागात अजून एकर-गुंठ्याचीच भाषा चालते. जुनी गुंठ्याची साखळी ३३ फुटांची असे व तिचे १६ आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. यावरून :

१ गुंठा = ३३ × ३३ = १,०८९ चौरस फूट
४० गुंठे = १ एकर = ४३,५६० चौरस फूट
१ गुंठा = सुमारे १०१ चौरस मीटर
१ हेक्टर = १०० आर = १०,००० चौरस मीटर = सुमारे २ एकर १९ गुंठे

कर्नाटकातील उताऱ्यावर एकर-गुंठे, महाराष्ट्राच्या सात-बारावर हेक्टर-आर आणि गोव्यात चौरस मीटर असतात. सीमेच्या दोन्ही बाजूंना ज्यांची जमीन किंवा सोयरीक आहे त्यांनी ही रूपांतरे विशेष लक्षात ठेवावी. एक आर आणि एक गुंठा जवळजवळ सारखेच आहेत, हे कळले की निम्मा गोंधळ मिटतो.

चार बाजू मोजल्या म्हणजे शेत मोजले असे नाही

आयताकृती शेताचे क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी. हे सर्वांना येते. परंतु आपली किती शेते आयताकृती आहेत? ओढा वळला की बांध वळतो, आणि चारही बाजू निराळ्या होतात. अशा वेळी गावात एक रीत सर्रास वापरतात : समोरासमोरच्या दोन बाजूंची सरासरी काढावयाची, उरलेल्या दोन बाजूंचीही काढावयाची आणि दोन्हींचा गुणाकार करावयाचा. ही रीत फार प्राचीन आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ च्या आपल्या ग्रंथात ती दिली, पण तिला 'स्थूल' म्हणजे ढोबळ म्हटले. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) तर स्पष्ट बजावले की, केवळ चार बाजू सांगून क्षेत्रफळ ठरत नाही; कर्ण किंवा लंबही सांगावा लागतो. चार काठ्यांची चौकट खिळे सैल ठेवून दाबून पाहा. काठ्या त्याच राहतात, पण आतली जागा कमी-कमी होत जाते. शेताचेही तसेच आहे.

आता एक उदाहरण घेऊ. शेताचे चार कोपरे ओळीने अ, ब, क, ड. बाजू मोजल्या : अब १७० फूट, बक २५० फूट, कड २५९ फूट, डअ ९१ फूट.

ढोबळ रीतीने : अब व कड यांची सरासरी २१४.५ फूट. बक व डअ यांची सरासरी १७०.५ फूट. गुणाकार ३६,५७२ चौरस फूट, म्हणजे सुमारे साडेतेहतीस गुंठे.

बरोबर रीतीने : अ पासून क पर्यंत दोरी ताणावी. हा कर्ण. तो भरला २८० फूट. शेताचे आता दोन त्रिकोण झाले. ब कोपऱ्यापासून या दोरीपर्यंतचे लंब अंतर १५० फूट, ड कोपऱ्यापासूनचे ८४ फूट. त्रिकोणाचे क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची भागिले दोन. पहिला त्रिकोण २८० × १५० ÷ २ = २१,००० चौरस फूट. दुसरा २८० × ८४ ÷ २ = ११,७६० चौरस फूट. बेरीज ३२,७६० चौरस फूट, म्हणजे सुमारे तीस गुंठे.

साडेतीन गुंठ्यांचा फरक! गुंठ्याला पन्नास हजार रुपये धरले तरी पावणेदोन लाख रुपये झाले. यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ढोबळ रीतीने येणारे उत्तर खऱ्या क्षेत्रफळापेक्षा कधीच कमी येत नाही. शेत अगदी आयताकृती असेल तर ते बरोबर येते, नाहीतर जास्तच येते. म्हणजे घेणारा नेहमी तोट्यात. आणि दोघा भावांच्या वाटणीत ज्याच्या वाट्याला वाकडा तुकडा आला, त्याला कागदावर भरपूर आणि हातात कमी अशी स्थिती होते. पुढे दोन्ही घरांत बोलणे बंद होते. मुळात कोणीही लबाडी केलेली नसते, रीत चुकलेली असते.

लंब अंतर कसे काढावे? कोपऱ्यावर एकाने दोरीचे टोक धरावे. दुसऱ्याने दोरी ताणून कर्णाच्या दोरीवर पुढे-मागे सरकत जावे. जेथे अंतर सर्वांत कमी भरते तेथे लंब. खात्री करावयाची असेल तर ३, ४ व ५ हात बाजूंचा दोरीचा त्रिकोण करावा. ३ व ४ च्या मधला कोन काटकोन असतो. पाच-सहा कोपऱ्यांचे शेत असले तरी त्याचे त्रिकोण पाडून हीच रीत वापरावी. मात्र ही मोजणी आपल्या समजुतीसाठी आहे. कायद्याने मान्य मोजणी सरकारी भूमापकाचीच. परंतु तो येण्यापूर्वी आपला आकडा आपल्याजवळ असावा.

क्षेत्रफळ चुकले की पुढचे सारे चुकते. खताचे प्रमाण एकरी सांगितलेले असते, औषधाचे बहुधा हेक्टरी. हेक्टरी एक लिटर औषध सांगितले असेल तर तीस गुंठ्यांना सुमारे ३०० मिलिलिटर लागते. शेत साडेतेहतीस गुंठे समजून चाललो तर सुमारे ३५ मिलिलिटर विष फुकट गेले, आणि फवारणाऱ्याच्या अंगावर व ओढ्याच्या पाण्यात त्याचा वाटा गेला तो निराळाच.

विहिरीचे घनफळ

पावसाळ्यात पटकी, कावीळ, हगवण यांची भीती असते. विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतात, पण किती टाकावी? घागरीच्या अंदाजाने टाकली तर एकतर जंतू मरत नाहीत, किंवा उग्र वासामुळे लोक ते पाणी सोडून ओढ्याचे आणतात.

गोल विहिरीतील पाण्याचे घनफळ = ३.१४ × त्रिज्या × त्रिज्या × पाण्याची खोली. येथे पुष्कळ जण चुकतात. विहिरीच्या तोंडावर आपण मोजतो तो व्यास. त्रिज्या त्याच्या निम्मी. व्यासच त्रिज्या समजून धरला तर उत्तर चौपट येते.

विहीर ३ मीटर व्यासाची व पाणी ४ मीटर खोल असेल तर : ३.१४ × १.५ × १.५ × ४ = २८.२६ घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर, म्हणून २८,२६० लिटर. चांगल्या प्रतीची पावडर दर १,००० लिटरला सुमारे अडीच ग्रॅम लागते. म्हणजे या विहिरीला साधारण ७० ग्रॅम पुरे. चुकून व्यास धरला असता तर पावशेरापेक्षा जास्त पडली असती.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवावी. मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे व पाच-दहा मिनिटे ठेवावे. चुना खाली बसला की वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे व ढवळावे. चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर निदान एक तास पाणी काढू नये. म्हणून रात्री टाकणे सोयीचे. डबा घट्ट बंद ठेवावा, उघडी पावडर निकामी होते. पाणी गढूळ असेल तर मात्रा वाढवावी लागते, त्यासाठी आरोग्य सेवकास विचारावे.

सरासरी म्हणजे काय, आणि काय नव्हे

भात उभे असताना उतारा किती पडेल हे कसे सांगावे? बांधावरून दिसणारी चांगली जागा पाहून अंदाज केला तर तो नेहमी फुगतो. यासाठी नमुना कापणीची पद्धत आहे. शेतात डोळे झाकून, म्हणजे चिठ्ठ्या टाकून, जागा निवडाव्या आणि प्रत्येक ठिकाणी ५ मीटर × ५ मीटरचा तुकडा कापून, मळून, वाळवून वजन करावे. ही पद्धत भारतात रूढ करण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा आहे.

समजा पाच तुकड्यांचे वजन आले ९, १०.५, ४.५, ११ आणि १० किलो. बेरीज ४५, भागिले ५, सरासरी ९ किलो. तीस गुंठ्यांत असे सुमारे १२१ तुकडे बसतात, म्हणून १२१ × ९ = १,०८९ किलो, म्हणजे अकरा क्विंटलच्या आसपास. नुसता चांगला तुकडा पाहून ११ किलो धरले असते तर तेरा क्विंटलांचे स्वप्न पडले असते, आणि त्यावर उसनवारी झाली असती.

आता हेच आकडे चढत्या क्रमाने मांडा : ४.५, ९, १०, १०.५, ११. मधला आकडा १०. याला मध्यक म्हणतात. सर्वांत मोठ्या व लहान आकड्यांतील फरक ६.५. हा विस्तार. मध्यक १० आणि सरासरी ९, असे का? कारण एका ४.५ ने सरासरी खाली ओढली. म्हणजे सबंध शेत मध्यम नाही. बहुतेक शेत चांगले आहे आणि एक कोपरा आजारी आहे. तेथे पाणी साचते का, कीड आहे का, हे जाऊन पाहावे. एकूण माल किती हे सांगावयास सरासरी उपयोगी. नेहमीची स्थिती काय हे सांगावयास मध्यक. दोष शोधावयास विस्तार.

पावसाचेही तसेच. आठवड्यात एकाच दिवशी १४० मिलिमीटर पडला आणि सहा दिवस कोरडे गेले, तर सरासरी रोज २० मिलिमीटर. आकडा गोड दिसतो, पण रोप आधी वाहून गेले आणि उरलेले सुकले.

पीक विम्यातही हेच कळीचे आहे. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरते ती बहुतेक वेळा ठरवून दिलेल्या क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून. गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचे नियम वेगळे आहेत. म्हणून आपले शेत बुडाले तरी क्षेत्राची सरासरी चांगली असल्यास हातात काही पडत नाही. नमुना कापणी गावात होते तेव्हा तेथे उभे राहावे, तुकडा चिठ्ठीने निवडला का व पाच-पाच मीटर भरला का हे पाहावे. तो एक तुकडा सर्वांच्या वतीने बोलत असतो.

घरात सातवी-आठवीचे मूल असेल तर येत्या सुट्टीत त्याला दोरी व वही देऊन शेतावर न्यावे. कर्ण त्याने मोजावा, लंब आपण धरावा. त्याचा धडा पक्का होईल, आणि आपल्या जमिनीचा खरा आकडा घरच्याच हस्ताक्षरात वहीत राहील.