सूचौ येथील श्वान-म्याओ मंदिर व तेथें सांपडलेला एक प्रवासग्रंथ

यांगत्से नदीच्या दक्षिणेस सूचौ नांवाचें जें प्राचीन शहर आहे, त्याच्या ऐन बाजारपेठेंत ताओ पंथाचें श्वान-म्याओ हें मंदिर उभें आहे. मंदिरासमोरच्या रस्त्याचें नांवच मुळीं ‘कुआन-छ्येन’, म्हणजे मंदिरापुढील रस्ता, असें पडलें आहे. मिठाईवाले, कापडवाले व खानावळी यांच्या गर्दींतून वाट काढीत महाद्वार ओलांडलें कीं प्रथम धुपाचा वास येतो, आणि मग विस्तीर्ण अंगण लागतें. देवळाभोंवतीं पेठ वसावी, पेठेनें देवळास पोसावें आणि हळूहळू त्याची जागाही खावी, हा प्रकार आपल्याकडील वाचकांस नवा नाहीं. परंतु आम्हांस या स्थळाचें महत्त्व वाटतें तें निराळ्या कारणानें. जुना लेख, जुनी नक्कल व जुनी दंतकथा यांचें मोल कसें ठरवावें, याचे चांगले नमुने या एकाच आवारांत पाहावयास मिळतात.

मंदिराची स्थापना इ. स. २७६ मध्यें झाली असें परंपरा सांगते. सुंग राजवटींत त्यास थ्येन-छिंग म्हणत. श्वान-म्याओ हें नांव मोंगल अमदानींतलें. पुढें छिंग घराण्यांतील खांग-शी बादशहाचें व्यक्तिनाम श्वान-ये असल्यामुळें ‘श्वान’ हें अक्षर लिहिण्यास बंदी झाली. मग लेखक त्या अक्षराचा शेवटचा फरांटा गाळूं लागले, किंवा त्याच्या ऐवजीं ‘युआन’ हें अक्षर घालूं लागले. या मंदिराचें नांवही त्यामुळें कागदोपत्रीं ‘युआन-म्याओ’ झालें. संग्राहकास ही खूण मोठ्या उपयोगाची आहे. मात्र ती जपून वापरावी. ‘युआन-म्याओ’ असें लिहिलेला कागद छिंग काळांतला ठरतो, तरी त्यांतील मजकूर त्याच काळीं रचला गेला असें ठरत नाहीं; कारण जुन्या ग्रंथाची नक्कल करणारा लेखकही बंदीचें अक्षर बदलूनच लिहीत असे. नकलेचा काळ एक आणि रचनेचा काळ दुसरा, हा भेद जुन्या बखरी पाहणारास समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मुख्य इमारत म्हणजे त्रि-शुद्धांचें सभागृह. इ. स. ११३० मध्यें जुर्चेन फौजांनीं सूचौ जाळलें, तेव्हां जुनें मंदिरही गेलें. हल्लींचें सभागृह इ. स. ११७९ मध्यें उभारलेलें. दर्शनी बाजूस नऊ खण, वर दुहेरी छज्जांचें छप्पर, आणि आंत ताओ पंथाच्या तीन परमदेवतांच्या मूर्ति; त्यांतील एक म्हणजे देवत्व पावलेला लाओ-त्सू होय. दुरुस्त्या अनेक झाल्या आहेत. तथापि सुंगकालीन लाकडी बांधणीची एवढी मोठी इमारत दक्षिण चीनमध्यें विरळा. चीन सरकारनें ती १९८२ मध्यें राष्ट्रीय संरक्षित स्मारकांत घातली. मागील बाजूचा मि-लो मंडप मात्र १९१२ मध्यें आगींत नष्ट झाला.

सभागृहांत लाओ-त्सूचें चित्र कोरलेली एक शिला आहे. चित्र वू ताओ-त्सूचें, स्तुतिलेख थांग बादशहा श्वान-त्सुंग याचा आणि हस्ताक्षर येन चेन-छिंगचें, अशी तिची ख्याति. तिघेही आठव्या शतकांतले. पण शिला कोरली गेली इ. स. १२२५ मध्यें, म्हणजे सुमारें पांचशें वर्षांनीं. वू ताओ-त्सूच्या हातचें एकही मूळ चित्र आज निर्विवादपणें शिल्लक नाहीं. तेव्हां शिलेवर जें आहे तें नकलेची नक्कल होय, आणि तिच्यावरून घेतलेले ठसे ही आणखी एक पायरी. म्हणून तिची किंमत कमी होते असें आम्ही म्हणत नाहीं. आठव्या शतकाचा पुरावा म्हणून मात्र ती सरळ पुढें करतां यावयाची नाहीं. तेराव्या शतकांत सूचौचे लोक वू ताओ-त्सूची शैली कशी समजत, याचा ती अव्वल पुरावा आहे.

अंगणांतील दुसरी शिला याहून विलक्षण आहे, कारण तिजवर अक्षरच नाहीं. मिंग काळचा पंडित फांग श्याओ-रू याचा लेख तिजवर होता. युंग-लो यानें गादी बळकावल्यावर राज्यारोहणाचा जाहीरनामा लिहून देण्यास फांगनें नकार दिला, त्यास १४०२ मध्यें देहान्त शासन झालें, आणि त्याच्या लेखाचीं अक्षरें घांसून टाकण्यांत आलीं, असें सांगतात. फांगचा नकार व वध हा इतिहास आहे. शिलेची गोष्ट ही परंपरा आहे. कोऱ्या दगडास साक्षीस कसें बोलवावें? तथापि राजकोपानें लेख पुसणें त्या काळास धरूनच असल्यामुळें परंपरा उगीच टाकूनही देतां येत नाहीं.

याच शहरांत १२२९ सालचा, दगडावर कोरलेला सूचौचा नकाशा जतन केलेला आहे. कालवे, पूल, वेशी व देवळें त्यांत नांवनिशीवार दाखविलीं आहेत, आणि आपलें मंदिरही ‘थ्येन-छिंग’ या नांवानें आहे. नकाशा पाहून मग शहरांतून हिंडावें. कित्येक कालवे व रस्ते आठशें वर्षें आपल्या जागीं राहिलेले दिसतील.

आतां कागदाकडे वळूं. ताओ पंथाचा ग्रंथसंग्रह मिंग दरबारानें इ. स. १४४५ मध्यें छापून पुरा केला. त्यांत ५३०५ प्रकरणें. १६०७ मध्यें १८० प्रकरणांची पुरवणी निघाली. ग्रंथ घडीच्या पोथीसारखे, पानास पांच ओळी, ओळींत सतरा अक्षरें. पोथ्यांच्या पेट्यांस आंकडे नाहींत. ‘सहस्राक्षरी’ या पाठांतराच्या ग्रंथांतील एकेक अक्षर क्रमानें लावलेलें. ज्यास सहस्राक्षरी मुखोद्गत, त्यास पेटी तत्काळ सांपडे. आपल्या दप्तरांतील रुमाल असे लागले असते तर किती श्रम वांचते! हा संग्रह मोठमोठ्या मंदिरांस देण्यांत आला. पण पंडितवर्ग कन्फ्यूशियसच्या परंपरेंतला. ताओ पोथ्या मंत्रतंत्राच्या म्हणून तो त्यांकडे सहसा फिरकत नसे.

छ्येन ता-शिन हा इतिहासकार त्यास अपवाद होता. व्याकरणज्ञ मित्र त्वान यू-त्साय याच्यासह तो श्वान-म्याओ मंदिरांत गेला, पेट्या चाळल्या, आणि त्यांत ‘शी-यू-ची’, म्हणजे पश्चिमेकडील प्रवासाचा वृत्तान्त, हा ग्रंथ त्याच्या हातीं लागला. तो त्यानें उसना नेऊन उतरून घेतला व १७९५ मध्यें त्यास टिपण जोडलें. ग्रंथ ली ची-छांग याचा. त्याचा गुरु छ्यू छू-ची हा सत्तरी ओलांडलेला ताओ साधु चंगीजखानाच्या बोलावण्यावरून १२२० मध्यें निघाला, आणि मोंगोलिया व समरकंद या मार्गानें जाऊन १२२२ मध्यें हिंदुकुशाच्या परिसरांत खानास भेटला. त्या प्रवासाची ही प्रत्यक्ष साक्षीदारानें लिहिलेली हकीकत होय.

येथें एक घोटाळाही सुटला. याच नांवाची एक अद्भुत कादंबरी चीनमध्यें घरोघर वाचली जाते. तिचा नायक म्हणजे इ. स. ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत पुलकेशीच्या राज्यांत आलेला आपल्या परिचयाचा ह्युएनत्संग. तिची उपलब्ध जुनी आवृत्ति १५९२ ची. सतराव्या शतकांतील एका आवृत्तीनें ती छ्यू छू-चीच्या नांवावर चढविली, आणि लोकांनीं तें खरें मानलें. मूळ प्रवासग्रंथ उजेडांत येतांच नामसादृश्याखेरीज दोहोंचा संबंध नाहीं हें उघड झालें. कादंबरी मिंग काळांतली, असा छ्येननें स्पष्ट निर्वाळा दिला.

ग्रंथाच्या विश्वसनीयतेची एक कसोटी आम्हांस विशेष वाटते. केरुलेन नदीकांठीं खग्रास सूर्यग्रहण पाहिल्याचें त्यांत नमूद आहे. अल्ताई पर्वताजवळ तेंच ग्रहण दहांपैकीं सात भाग दिसलें, आणि समरकंद येथें सहा भाग. हें साधूनें विचारपूस करून जुळविलें. गणितानें हें ग्रहण २३ मे १२२१ चें ठरतें. जंत्री घेऊन बसणाऱ्या आमच्या वाचकांस यापुढें अधिक सांगणें नको. १८६६ मध्यें ग्रंथाचें रशियन भाषांतर झालें, १९३१ मध्यें वेलीकृत इंग्रजी.

मिंग संग्रहाचे शिल्लक राहिलेले लाकडी ठोकळे १९०० च्या धामधुमींत पेकिंग येथें नष्ट झाले, व छापलेल्या पेट्याच काय त्या उरल्या. पेकिंगच्या श्वेतमेघ मंदिरांतील संचावरून शांघाय येथें १९२३ ते १९२६ या काळांत ११२० भागांत छायामुद्रित आवृत्ति निघाली. त्यानंतर ताओ पोथी पाहण्यासाठीं मंदिराची पेटी उघडावी लागेनाशी झाली.